परफ्यूम खरंच उडून जातो, की आपल्यालाच कळेनासा होतो?

कोरेगावच्या एका तरुणाने विचारलंय. साताऱ्यात बँकेत नवी नोकरी, रोज एसटीने जाऊन-येऊन. पहिल्या पगारातून तीन हजारांचा परफ्यूम ऑनलाइन मागवला. व्हिडिओत बारा तास टिकतो म्हणून सांगितलं होतं, पण याला सातारा स्टँडवर उतरेपर्यंतच वास येईनासा होतो. म्हणून आता सकाळी आठ-दहा फवारे मारतो. बाटली डुप्लिकेट आहे का, माझ्या अंगालाच परफ्यूम धरत नाही का, त्यापेक्षा अत्तर घेऊ का, आणि मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे तेव्हा दिवसभर टिकेल असं एक नाव सांगा, असे त्याचे चार प्रश्न. शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलंय: संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आई म्हणते, केवढा वास मारतोय, डोकं उठलं माझं.

भाऊ, चारही प्रश्नांची उत्तरं देतो, पण सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासून करू. सकाळी लावलेला परफ्यूम आईला संध्याकाळी येतो, तोही डोकं उठण्याइतका. म्हणजे तो उडालेला नाही. अंगावर आहे, शर्टावर आहे, एसटीत शेजारी बसणाऱ्याच्या नाकात आहे. एकट्या तुम्हाला तो कळत नाही. त्यावर इलाज म्हणून तुम्ही फवारे वाढवत गेलात आणि आईचा त्रास वाढत गेला. सांगलीत आमचं अत्तर आणि सुगंधी द्रव्यांचं दुकान आहे, वडिलांच्या मागे मी गल्ल्यावर बसतो. "टिकत नाही हो" म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पहिल्यांदा हेच विचारतो की घरचे काय म्हणतात? बहुतेक वेळा सोबत आलेली बायको किंवा मित्रच उत्तर देतो, आणि ते तुमच्या आईसारखंच असतं.

नाकाची रीतच तशी आहे. एकच वास सतत येत राहिला की थोड्या वेळाने मेंदू त्याची दखल घेणं कमी करतो, म्हणजे एखादा नवा वास आला तर तो चटकन कळावा. आमच्याकडे मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला पहिल्यांदा आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो, आणि तिथले हमाल त्याच हवेत डबा उघडून जेवत असतात. तुम्ही परफ्यूम गळ्याला आणि छातीवर मारत असाल तर प्रत्येक श्वासाबरोबर तोच वास आत जातो. त्यामुळे स्वतःचा परफ्यूम सगळ्यात आधी स्वतःलाच कळेनासा होतो. यात बाटलीचा दोष नाही, तुमच्या नाकाचाही नाही.

आणखी एक कारण असू शकतं आणि ते माणसागणिक बदलतं. आजच्या बहुतेक परफ्यूमचा पाया मस्कवर म्हणजे कृत्रिम कस्तुरीवर उभा असतो. खरी कस्तुरी कस्तुरीमृगाची. त्या प्राण्याला आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, कस्तुरीचा व्यापार बंद आहे, तेव्हा जत्रेत कोणी "असली कस्तुरी" दाखवायला लागला तर पुढे चालू लागा. कृत्रिम मस्क १८८८ साली आल्बर्ट बाऊर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला स्फोटकांवर काम करताना सापडला, आणि पुढे त्याच्या कितीतरी जाती निघाल्या. हे रेणू मोठे असतात, सावकाश उडतात, म्हणून तासन्‌तास टिकतात. पण काही लोकांना अमुक एक मस्क अजिबात येत नाही. बाकी सगळे वास उत्तम येतात, तेवढा एक येत नाही. अशा माणसाला वरचा लिंबा-संत्र्याचा वास उडाला की परफ्यूमच संपला असं वाटतं, आणि शेजारच्याला मात्र तो दिवसभर येत राहतो. तुमच्याबाबतीत हे असेल का, ते मी इथून सांगू शकत नाही. तपासता मात्र येतं.

त्यासाठी चार-पाच दिवस परफ्यूम पूर्ण बंद ठेवा. मग रविवारी सकाळी आंघोळीनंतर डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून थोडं खाली, एकच फवारा मारा. चोळू नका, वाळू द्या. तासाने, तीन तासांनी आणि सहा तासांनी घरातल्या कोणाला तरी हाताच्या अंतरावरून वास घ्यायला सांगा, नंतर जवळून. आईचं डोकं उठत असेल तर तिला नको, बहिणीला सांगा. तुम्ही स्वतः आधी अंगणात दहा मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन या आणि मग एकदाच हुंगा. सारखं सारखं हुंगलं तर नाक पुन्हा थकणार. बहिणीला सहा तासांनी जवळून वास येत असेल तर तुमचा परफ्यूम चोख काम करतोय असं समजा.

आता डुप्लिकेटचं. ते टिकण्यावरून ओळखायचं नसतं. नकली माल कधीकधी जास्तच टिकतो, कारण त्यात स्वस्त आणि जड पदार्थ सढळ हाताने घातलेले असतात. बाटलीच्या तळाला बारीक बॅच नंबर असतो, तो खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का बघा. परदेशी ब्रँड असेल तर खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेलं लेबल असायला हवं. फवारा धुक्यासारखा बारीक पडतो की थेंब उडतात, झाकण घट्ट बसतं की खुळखुळतं, हेही पाहा. आणि मूळ किमतीच्या निम्म्यालाही मिळत असेल तर शंका घ्यायलाच हवी. तुमची बाटली मी पाहिलेली नाही, त्यामुळे ठाम बोलणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तरी ती नकली आहे असं म्हणता येत नाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. "किती टिकतो" हे सगळे विचारतात, "किती लांब पोचतो" हे कोणी विचारत नाही. बँकेच्या काउंटरवर समोर माणूस उभा असतो, काचेच्या पलीकडे, फार तर दीड-दोन हात लांब. त्यात म्हातारी माणसं असतात, दम्याचे पेशंट असतात, पोटुशी बाई असते जिला साध्या फोडणीनेही मळमळतं. एसटीत तर तीनच्या सीटवर खांद्याला खांदा लागलेला. तिथून उठून कोणी जाऊ शकत नाही, खिडकी उघडायची म्हटलं तरी पावसात ती बंद. अशा जागी ज्याचा परफ्यूम चार सीट पुढे जातो तो माणूस दुसऱ्यावर जबरदस्ती करतो. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण सुगंध हा माझ्या पोटापाण्याचा आणि जिवाभावाचा विषय आहे आणि अशा अतिरेकाने लोकांच्या मनातून तो उतरतो. कामाच्या ठिकाणी परफ्यूम हाताच्या अंतराबाहेर जाता कामा नये. हस्तमिळवणी केली तर कळावा, खोलीत शिरलात म्हणून कळू नये. आणि दवाखान्यात कोणाला भेटायला जाणार असाल तर लावूच नये.

तेव्हा आठ-दहाचे दोन फवारे करा. आंघोळ करून अंग पुसलं की एक छातीवर, बनियन घालायच्या आधी, आणि एक मानेच्या मागे. शर्टाच्या आतला फवारा अंगाच्या उबेने हळूहळू वर येतो आणि कापड त्याला आवरून धरतं. मानेमागचा तुमच्या नाकापासून लांब राहतो, त्यामुळे तुम्हालाही तो मधूनमधून कळत राहील. मनगटावर मारून मनगटं एकमेकांवर घासायची सवय असेल तर सोडा. त्याने वास मोडतो वगैरे म्हणतात ते खरं नाही, पण घासल्याने ऊब येते आणि वरचा हलका भाग उगाच लवकर उडून जातो. काउंटरवर बसल्यावर पुन्हा मारायचा झाला तर आधी शेजारच्या सहकाऱ्याला विचारा. स्वतःच्या नाकावर विसंबू नका, हे आता तुम्हाला माहीत झालंय.

"माझ्या अंगाला धरत नाही" यात थोडं तथ्य असू शकतं. कोरड्या त्वचेवर परफ्यूम लवकर उडतो, तेलकट त्वचेवर रेंगाळतो. तुमच्याकडे थंडीत हवा कोरडी, त्वचा पांढरी पडते, तेव्हा फरक जाणवतोच. बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा चिमूटभर व्हॅसलिन आधी लावलं की काम होतं. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास परफ्यूममध्ये मिसळतो. ताज्या दाढीवर थेट फवारा नको, आग होते. आणि गळ्याच्या उघड्या भागावर लिंबूवर्गीय परफ्यूम मारून उन्हात हिंडू नये. बर्गमोट नावाच्या लिंबाच्या तेलात असे पदार्थ असतात की ऊन लागलं की त्या जागी काळपट डाग उमटतात. मोठ्या कंपन्या हल्ली ते पदार्थ काढून टाकलेलं तेल वापरतात, पण स्वस्त मालाची खात्री कोण देणार? गळ्यावर ओघळासारखे डाग घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मी त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवतो.

आता बारा तासांच्या व्हिडिओबद्दल. परफ्यूममधले सगळे पदार्थ एकाच वेगाने उडत नाहीत. लिंबू, संत्रं, पुदिन्यासारखे हलके पदार्थ पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जातात. मग फुलं आणि मसाले काही तास चालतात. शेवटी लाकूड, राळ, मस्क, व्हॅनिला उरतं. दुकानात पट्टीवर हुंगून आपण भाळतो ते बहुतेक पहिल्या थरावर, आणि दिवसभर सोबत असतो तो तिसरा. व्हिडिओतला माणूस एसीत बसलेला असतो, आणि तुम्ही दुपारी उन्हात पोवई नाक्यावर चहाला उतरता. उष्णतेत सगळंच लवकर उडतं. त्यात एप्रिल-मेमध्ये गोड, जड, व्हॅनिला-अंबरचे परफ्यूम उन्हाने असे फुलतात की लावणाऱ्यालाही गुदमरायला होतं. हिवाळ्यात तेच छान वाटतात. पावसाळ्यात वेगळीच अडचण: नीट न वाळलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, त्यावर परफ्यूम मारला तर दोन्ही मिळून जे होतं ते सहन होत नाही. आधी कपडे वाळवा, इस्त्री करा, मग परफ्यूम.

बाटलीवरच्या अक्षरांचंही सांगतो. कोलोनमध्ये सुगंधी भाग साधारण २ ते ५ टक्के, ईडीटीत म्हणजे ओ द त्वालेतमध्ये ५ ते १५, ईडीपीत म्हणजे ओ द परफ्यूममध्ये १५ ते २०, त्याच्या वर एक्स्ट्रेट. हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येक कंपनी आपल्या परीने ठरवते. टक्केवारी जास्त म्हणजे वास चांगला असं नाही, आणि टिकण्याचा हिशोबही नुसता टक्केवारीवर नसतो, आत काय घातलंय त्यावर असतो. लिंबाचं तेल कितीही घाला, ते लिंबाच्या वेळेलाच उडणार.

थोडक्यात, बाटली ठेवा, फवारे दोनवर आणा, रविवारी तपासणी करा, आणि नवा परफ्यूम घ्यायची घाई करू नका. आता अत्तराकडे वळू, कारण माझा जीव तिथे आहे.

परफ्यूम अल्कोहोलमध्ये असतो, अत्तर तेलात. अल्कोहोल उडताना वास चारी दिशांना फेकतो. तेल उडत नाही, म्हणून अत्तर अंगाजवळ राहतं आणि सावकाश सुटत राहतं. तुमच्यासारख्या एसटीने जाणाऱ्या, काउंटरवर बसणाऱ्या माणसाला अत्तर म्हणूनच जास्त सोयीचं, असं माझं मत आहे. पण ते लावायची रीत वेगळी आहे. आमच्याकडे काचेची काडी कुपीत बुडवून कुपीच्या तोंडाला निपटतो, काडीवर जो ओलावा राहतो तेवढाच हाताच्या मागच्या बाजूला टेकवतो. थेंब पडू द्यायचा नाही. दोन्ही मनगटांना टेकवून तेच हात कानामागे आणि सदऱ्याच्या कडेला फिरवले की झालं. जुनी माणसं कापसाचा फाया करून कानाच्या घडीत ठेवायची. त्यामागे विचार होता: वास जवळच्याला येतो, अंगाला तेल लागत नाही, आणि नकोसा झाला की फाया काढून टाकता येतो. रोल-ऑन मात्र गळ्यावर रेघोट्या ओढल्यासारखं फिरवू नका, अत्तर फार दाट असतं.

उत्तर प्रदेशातल्या कनोजला अत्तर काढायची जुनी पद्धत अजून चालू आहे. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात, खाली जाळ लावतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, उतरते. भपका पाण्याच्या हौदात थंड राहतो आणि त्यात चंदनाचं तेल असतं. फुलांचा वास त्या चंदनात मुरतो. कितीतरी दिवस रोज नवी फुलं घालून हेच करत राहतात. पावसाच्या पहिल्या सरीचा वास आपल्याला आवडतो ना, तो मातीचा वाससुद्धा तिथे भाजलेल्या मातीच्या खापऱ्यांतून असाच चंदनात उतरवतात. पण चंदन महाग झालं, म्हणून आता बरंचसं अत्तर पॅराफिन किंवा दुसऱ्या बिनवासाच्या द्रवात बनतं, आणि वासही पुष्कळदा प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. एक किलो गुलाबाच्या तेलाला साडेतीन-चार टन फुलं लागतात. मग मिरजेच्या उरुसात शंभर रुपयांच्या कुपीत खरा गुलाब कुठून येणार? ती कुपी वाईट असं मी म्हणत नाही, आवडली तर खुशाल घ्या. फक्त विकणाऱ्याने ती काय आहे ते खरं सांगावं आणि घेणाऱ्याने विचारावं. "ओरिजिनल आहे का" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "बेस कशाचा आहे" असं विचारा. ज्याला माल माहीत आहे तो सरळ सांगतो. पाण्यात थेंब टाकून किंवा कागदावरचा डाग बघून अस्सलपणा ओळखायच्या युक्त्यांवर माझा भरवसा नाही, चंदनाचं तेलही कागदावर डाग ठेवतंच.

आणि अत्तर नैसर्गिक म्हणून त्वचेला बाधत नाही, असंही मानू नका. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा, दिवसभर थांबा, लाल झालं नाही तर पुढचं.

निवडायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, नाव विचारलंत. पण मी नाव आधी देत नाही. गिऱ्हाईक आलं की मी त्याला विचारतो, तुला लहानपणापासून आवडणारा वास कोणता? सुरुवातीला माणसं गोंधळतात. मग कोणी सांगतं, आजीच्या माठातल्या वाळ्याचं पाणी. कोणी म्हणतं दिवाळीच्या पहाटेचं उटणं. कोणी म्हणतं बायकोच्या गजऱ्याचा मोगरा, आणि लाजतं. तिथून धागा सापडतो. वाळ्याचं तेल जगभरच्या कितीतरी पुरुषी परफ्यूममध्ये असतं, माठातलं पाणी ज्याला आवडतं त्याला ते हमखास रुचतात. उटण्यातला नागरमोथा तर ऊद म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मिश्रणांत असतो. खरा ऊद म्हणजे अगरूच्या झाडाला बुरशी लागून आत तयार होणारं राळयुक्त लाकूड, आसामकडचा, आणि तो सोन्याच्या भावाच्या गोष्टी करतो. चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणा, त्याचं तेलसुद्धा परदेशी परफ्यूमवाले घेतात. दवण्याबद्दल आमच्या धंद्यात असं म्हणतात की तो प्रत्येकाच्या अंगावर वेगळा वास देतो, आणि मला तो तसाच जाणवलाय. म्हणून मित्राच्या अंगावर आवडला म्हणून परफ्यूम घेऊ नये, निदान आपल्या अंगावर लावून पाहिल्याशिवाय नाही.

दुकानात गेलात तर एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका. पट्टीवर हुंगून नको असलेले बाजूला काढा, उरलेल्यांतला एक एका हातावर, एक दुसऱ्या हातावर. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याने विशेष काही होत नाही, बाहेर जाऊन मोकळी हवा घेतलेली बरी. मग दुकानातून निघून जा. मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगतो, जा, कापडपेठेतली खरेदी आटपा, गणपतीचं दर्शन घ्या, चहा प्या आणि मग हात हुंगा. दोन तासांनी जो वास आवडतो तो तुमचा. परत न येणारी गिऱ्हाइकं असतात, त्याला इलाज नाही, पण जी येतात ती बाटली पुन्हा बदलायला येत नाहीत. शंभर मिलीची बाटली पहिल्याच झटक्यात घ्यायचं काहीच कारण नाही. पाच-दहा मिलीचे डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढून दिलेले परफ्यूम, मिळतात, अत्तर पाव तोळ्यापासून मिळतं. पाव तोळा म्हणजे साधारण तीन मिली, काडीने लावलं तर महिनोन्‌महिने जातं.

घेतलेली बाटली कुठे ठेवता, हेही पाहा. बाथरूममध्ये नको, खिडकीतल्या आरशापुढे नको, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. उजेड, उष्णता आणि हवा या तिन्हींनी परफ्यूम खराब होतो. कपाटात, खोक्यातच, झाकण लावून. चांगलं चंदनाचं अत्तर मात्र नीट ठेवलं तर मुरत जातं.

आता लग्न. मे महिना, मांडव, पाहुण्यांची गर्दी. मांडवात आधीच मोगऱ्याचे गजरे, निशिगंधाचे हार, उदबत्त्या आणि जेवणाचा वास असणार. त्यात गोड, व्हॅनिलाचा परफ्यूम म्हणजे वासांची खिचडी. आमच्याकडे जुना संकेत आहे, उन्हाळ्यात वाळा, माती, गुलाब, मोगरा, केवडा, आणि थंडीत हिना, शमामा, ऊद. हा संकेत मला पटतो, कारण हिना-शमामा मसाल्यांचे आणि जड, ते उन्हात अंगावर येतात. तुम्हाला एकच नाव हवं असेल तर वाळ्याचं अत्तर. वास थंड आणि हिरवट, फुलांच्या गर्दीत वेगळा कळतो, आणि मुळाचं तेल असल्यामुळे फुलांपेक्षा फार जास्त टिकतो. काहींना तो फार मातकट, धुरकट वाटतो. तुम्हाला तसा वाटला तर मजमुआ बघा, त्यात वाळ्याबरोबर केवडा आणि माती असते, जरा मऊ लागतो. पण आत्तापासूनच एखाद्या रविवारी लावून बघा, लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा नको.

आदल्या दिवशी बहिणीलाही सांगून ठेवा, शालूवर किंवा पैठणीवर परफ्यूम थेट मारायचा नाही. रेशमावर डाग पडतो आणि तो जात नाही. मोत्यांच्या दागिन्यांवरही नाही, मोत्यांची चमक जाते. आधी परफ्यूम, तो वाळला की साडी, सगळ्यात शेवटी दागिने. तुमचंही तसंच. फेटा बांधणार असाल तर फेट्याच्या आत येणाऱ्या टोकाला अत्तराची काडी टेकवा, रंगीत कापडाच्या दर्शनी भागाला नको.

आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. परफ्यूममधलं अल्कोहोल पेट घेतं. तुम्ही नवरीचे भाऊ. लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायला तुम्हीच होमाजवळ असणार, कानपिळीलाही तुम्हालाच बोलावतील. अंगावर नुकताच फवारा मारून, ओल्या कपड्याने आगीजवळ जायचं नाही. फवारा मारायचाच असेल तर घरी, तयार होताना, आणि पुरता वाळू द्यायचा. मांडवात गेल्यावर लागलंच तर अत्तराची काडी वापरा. पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायला ज्या पोरांना उभं करणार, त्यांनाही सांगा, आधी विचारायचं आणि मग टेकवायचं, काहींना सोसत नाही.

खिशात पाव तोळ्याची कुपी ठेवा, झाकण घट्ट करून रुमालात गुंडाळून, नाहीतर कुर्त्याला तेलाचा डाग पडेल. पंगतीला बसायच्या आधी हाताला अत्तर लावू नका, घास तोंडाशी नेला की वाळाच येईल आणि जिलेबीची चव जाईल. पंगत उठली, हात धुऊन पुसले, की मग एक काडी मानेमागे. तेवढ्यावर बहिणीची पाठवणी होईपर्यंत निभावेल.